खाडीवरची माशी

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

सकाळी साडेआठला इन्स्पेक्टर साबळ्यांचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. कोपरच्या खाडीकाठी, जुन्या मिठागराच्या पडक्या कोठीत एका बाईचं प्रेत सापडलंय, अळ्या पडल्यात, येता का, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या ठाण्यात 'कीटक आणि गुन्ह्याचा तपास' यावर व्याख्यान दिलं होतं. निम्मे हवालदार पेंगत होते. साबळ्यांनी मात्र नंबर जपून ठेवलेला दिसतो. तीस वर्षं कॉलेजात माश्यांवर काम करतोय, आज पहिल्यांदा कुणाला तरी त्याची गरज पडली. इथे लिहायला हरकत नाही, मला आनंद झाला.

संचिता सोनावणेला कल्याणहून बोलावून घेतलं. माझ्याकडे पीएच.डी. करते. हुशार आहे, जरा हट्टी.

बाई सत्तावीस वर्षांची. नाव मेघना. डोक्याची मागची बाजू दगडाने फोडलेली, एकदा नाही, पाच-सहा वेळा. कवटीचे तुकडे केसांत अडकलेले. डावं मनगट उलटं वळलेलं, घाव चुकवायला हात वर केला असणार. जखमेत, तोंडात, डोळ्यांच्या खोबणींत अळ्या इतक्या दाट की चेहरा हलतोय असं वाटत होतं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. संचिताने तोवर तापमान घेतलं आणि अळ्या डब्यांत भरल्या, निम्म्या मद्यार्कात, निम्म्या जिवंत.

प्रेत पाहिलं ते पोपट नावाच्या माणसाने. गावठाणात राहतो, तिवरांत खेकडे धरतो. त्यानेच आमचे डबे चिखलातून पलीकडे नेले. जाता जाता मला म्हणाला, "सायेब, ही माशी खाडीची हाय, बाजारातली नाय. आमच्या सुकटीवर बसते. हिची पोरं लय सावकाश वाढतात." मी हो हो म्हटलं. या पट्ट्यात हिरवी माशी एकच. माझा प्रबंधच तिच्यावर आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

अहवाल दिला. अळ्या तिसऱ्या अवस्थेतल्या, अजून खात होत्या. हिरव्या माशीची अळी या उकाड्यात साधारण तीन दिवसांत तिथवर येते. म्हणजे मृत्यू तेरा तारखेला, रविवारी, सकाळच्या सुमारास.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी तीन ते पाच दिवस असं मोघम लिहिलंय. साबळे म्हणाले, "सर, तीन ते पाचवर मी काय करू? मला एक तारीख द्या." शिवाय बारा तारखेला मेघनाच्या आईला तिच्या फोनवरून मेसेज आला होता, 'मैत्रिणीकडे आहे, काळजी करू नको.' बोलणं झालं नाही, पण मेसेज आला म्हणजे बारापर्यंत ती होती. माझी तारीख त्यात चपखल बसली.

संचिताचं म्हणणं, जिवंत अळ्यांच्या माश्या होईपर्यंत थांबू. "सर, अळीवरून जात कन्फर्म होत नाही, तुम्हीच शिकवलेलं." मी म्हटलं, तपास थांबत नाही. सही केली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पोपटला काल सकाळी अटक झाली. तेरा तारखेला सकाळी तो कोठीजवळ दिसल्याचं दोघांनी सांगितलं. नवऱ्याकडे संशय जाणं शक्यच नव्हतं. महिपत बारा तारखेला पहाटे संगमनेरला बहिणीकडे गेला तो पंधराला परतला. आणि माझ्या अहवालाने तेरा तारीख पक्की केली, असं पेपरात नावानिशी छापून आलंय. प्राचार्यांनी फोन करून अभिनंदन केलं.

काल दुपारी लोकांनी पोपटचं घर फोडलं. संचिता त्याच बाजूने आलेली, तिने पाहिलं. चाळीस-पन्नास जण होते, पुढे महिपत. जाळी अंगणात टाकून पेटवली. पोपटची बायको मालन दार धरून उभी राहिली, तर तिचा हात चौकटीत धरून दार दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही, म्हणाली संचिता.

वाईट झालं. पण लोकांचा संताप समजण्यासारखा आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

महिपत घरी आला होता. तिशीचा, नीटस, बोलायला अदबशीर. वाकून नमस्कार केला. शाल आणि नारळ घेऊन आला होता. मला संकोच वाटला, पण नाही म्हणवलं नाही. माशीवरून दिवस कसा कळतो ते त्याने बारकाईने विचारलं. मी कागदावर आकृती काढून समजावलं. इतक्या दुःखातही माणसाला जिज्ञासा आहे. "तेराच ना, सर? पुढे बदलत नाही ना ते?" असं दोनदा विचारलं. बिचाऱ्याला कोर्टाची धास्ती असणार.

तो गेल्यावर रचना म्हणाली, "तासभर बसला, बायकोचं नाव एकदाही घेतलं नाही."

आमच्या सौभाग्यवतींना प्रत्येक माणसात काहीतरी खोट दिसतेच.

२७ ऑक्टोबर, रविवार

साबळ्यांचा फोन. पोपटने कबूल केलं. दगडही काढून दिला. आवाजात दमणूक होती. "आठ दिवस घेतले साल्याने," म्हणाले.

कोठडीत पडून त्याच्या तीन बरगड्या मोडल्या म्हणे. पडून तीन बरगड्या कशा मोडतात ते मी विचारलं नाही. तळव्यांची सालं निघाल्यामुळे त्याला चालता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि मग, "सर, हे आपल्यात."

प्रयोगशाळेतले कोष अजून फुटलेले नाहीत. काल फुटायला हवे होते.

३० ऑक्टोबर, बुधवार

आज माश्या बाहेर आल्या, चार दिवस उशिरा. हिरव्या, लाल डोळ्यांच्या, अगदी माझ्या ओळखीच्या. मी संचिताला म्हटलं, बघ, तीच आहे. ती म्हणाली, "मग उशीर का, सर?" खोलीचं तापमान कमी-जास्त झालं असेल, म्हटलं. तिने तापमानाची वही पुढे केली. दर तीन तासांची नोंद होती. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

दिवाळीची सुट्टी लागली. मी तिला घरी जायला सांगितलं. गेली नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज आमचं भांडण झालं.

तिने सुट्टीभर माश्यांचे पंख काढून काचेवर बसवले. पंखावर शिरा जिथे एकमेकींना मिळतात अशा अठरा जागा सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. प्रेतावरच्या छत्तीस माश्या आणि कल्याणच्या मटण बाजारातून धरलेल्या चाळीस. नुसत्या डोळ्यांना सगळे पंख सारखेच. मापं आलेखावर मांडली तर ठिपक्यांचे दोन पुंजके पडले, मधे मोकळी जागा. बाजारातल्या सगळ्या एका बाजूला. प्रेतावरच्या छत्तीसपैकी एकतीस दुसऱ्या बाजूला.

"सर, या दोन जाती आहेत. दिसायला एक, पण दोन. आणि ही दुसरी सावकाश वाढते. म्हणजे तेरा चुकलं."

मी तिला काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. तुला घाई झालीये, शोध लावायचाय, माझ्या खांद्यावर उभं राहून मलाच खाली ढकलायचंय, असलं काहीतरी. ती काचा एकेक करून पेटीत ठेवत राहिली. मग म्हणाली, "सर, माझं राहू दे. आत माणूस आहे."

ती गेल्यावर मी दार लावून माझा प्रबंध काढला. एकोणीसशे शहाण्णवचा. दोनशे दहा पानं. त्यातल्या निम्म्या माश्या मी खाडीवरूनच आणल्या होत्या. ती म्हणते ते खरं असेल तर त्यातला एकही आकडा उभा राहत नाही.

आलेख खणात ठेवला. साबळ्यांना फोन केला नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

मालन कॉलेजात आली. शिपायाने अडवलं तर खाली पायरीवर बसून राहिली. शेवटी मीच उतरलो. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बोटांची टोकं काळीनिळी. कपाळावर टाक्यांची खूण.

"मना येवढंच सांगा. माशीनं माज्या घोवाचं नाव घेतलं का?"

मी म्हटलं, नाही, माशीवरून फक्त दिवस कळतो, माणूस नाही.

"आनि दिवस कोनी सांगितला?"

मी शिपायाकडे पाहिलं.

"तुमी," ती म्हणाली. "मंग तुमीच नाव घेतलं. तो तेराला तिकडं गेलेला, खरं हाय. भरती होती म्हनून कोठीत शिरला नाय. तवा शिरला असता तर तवाच बोलला असता. प्रेत दिसल्यावर तो पलाला नाय, सायेब. पोलिसाला फोन केला त्यानं."

ती उठताना तोल गेला. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

तिथूनच संचिताला फोन केला. प्रत्येक माशीचा एकेक पाय डीएनए तपासायला पुण्याला पाठव, म्हटलं. ती म्हणाली, "सर, मी सोमवारीच पाठवलेत."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मधले दिवस निवडणुकीच्या ड्यूटीत गेले. आज पुण्याहून निकाल आला. जातीची ओळख पटवायला जनुकाचा जो तुकडा तपासतात त्यात दोन्ही पुंजक्यांमध्ये चार टक्के फरक आहे. एका जातीत अर्धा टक्काही नसतो. पंखाने ज्या एकतीस वेगळ्या दाखवल्या, डीएनएने त्याच एकतीस वेगळ्या दाखवल्या. एकही इकडची तिकडे नाही.

पोपटने मला हे चिखलात उभं राहून सांगितलं होतं. सुकटीवरची वेगळी, तिची पोरं सावकाश वाढतात. मी ऐकलंच नव्हतं.

आता ही दुसरी जात नक्की किती सावकाश वाढते ते मोजायचं आहे. त्याशिवाय कोर्टात उभं राहता येणार नाही. संचिताने खाडीवरून माश्या धरून अंडी घेतली आहेत. कल्याणहून कलेजी आणून तिच्यावर, कोठीत होतं त्याच तापमानाला ठेवली आहेत. दर तीन तासांनी अळ्या मोजते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पाच दिवस. अळीला त्याच अवस्थेत यायला पाच दिवस लागले. तिन्ही डब्यांत तेच. सोळातून पाच गेले, अकरा. शुक्रवार, दसऱ्याच्या आदला दिवस.

म्हणजे बाराचा मेसेज आला तेव्हा मेघना कोठीत पडलेली होती.

चूक झाली, हे वाक्य मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जमलं. आता उद्या साबळ्यांकडे जाईन.

दुपारी महिपतचा फोन आला. अधूनमधून करतो, आरोपपत्र कुठवर आलं ते विचारतो. त्याला अंधारात ठेवणं बरं वाटलं नाही. म्हटलं, तारीख बदलतेय, अकरा निघतेय, संचिता सोनावणेच्या कामामुळे हे कळलं, सगळे नमुने अजून आमच्या प्रयोगशाळेतच आहेत. तो मग म्हणाला, "अकराला तर मी ठाण्याला टेंभी नाक्यावर होतो, सर. देवीच्या रांगेत. चार तास."

मी म्हटलं, अरे, तुला कोण विचारतंय. धीराने घे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

सकाळी साडेअकरा. खाली बी.एस्सी.चं प्रात्यक्षिक चाललं होतं. वरून काचा फुटल्याचा आवाज आला. मग एक आवाज, तो काचेचा नव्हता. मी जिना चढतोय तोवर हेल्मेट घातलेला एक माणूस मला धक्का मारून खाली गेला. हातात लोखंडी सळई. मी भिंतीवर आपटलो. त्याच्या मागे धावलो नाही. खरं लिहितो, धावलो नाही.

आत पिंजरे फोडलेले, सूक्ष्मदर्शक उलटा, डबे पायाखाली चिरडलेले. संचिता टेबलाखाली. पंखांच्या काचांची पेटी तिने पोटाशी धरून ठेवली होती, आणि ती सोडवायला त्याने मारलं होतं. हातावर, गळ्याखालच्या हाडावर आणि शेवटी तोंडावर. जबडा एका बाजूला सरकला होता. फरशीवर दोन दात. ती माझ्याकडे बघत होती, शुद्धीत होती. पिंजऱ्यांतून सुटलेल्या माश्या तिच्या रक्तावर बसत होत्या आणि मी त्या हाकलत होतो. दोन्ही हातांनी हाकलत होतो. पुन्हा पुन्हा येत होत्या.

साबळे आले. मी त्यांना सांगितलं, हे पोपटच्या नातेवाइकांचं काम असणार, सूड म्हणून. हे मी म्हणालो. रुग्णवाहिका निघून गेल्यावरही मला तसंच वाटत होतं.

दुपारी चारला हॉस्पिटलमध्ये तिला भेटू दिलं. तोंड बांधलेलं. वडील उशाशी उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिने खुणेने कागद मागितला आणि डाव्या हाताने लिहिलं, 'सर, अकरा तारीख कुणाला सांगितलेली?'

३० नोव्हेंबर, शनिवार

साबळ्यांसमोर बसलो. पहिला अहवाल चुकीचा आहे, मृत्यू अकरा तारखेचा आहे, आणि ही तारीख मी बाहेर फक्त एकाच माणसाला सांगितली होती, असं लेखी दिलं.

त्यांनी कागद वाचला, उठून दार लावलं.

"सर, हे मागे घ्या. पोपटने कबुली दिलीये."

"ती कशी दिली ते तुम्हीच मला सांगितलंत."

त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तेरा तुम्ही लिहून दिलंत. मी त्या तेरावर त्याला मारलं. रोज विचारायचो, तेराला काय केलंस. तो सांगायचा, खेकडे धरले. मी पुन्हा मारायचो. आता तुम्ही म्हणता तेरा नव्हतंच."

मी म्हटलं, "हो."

"मग मी काय मारत होतो, सर?"

त्यांच्याबद्दल मला दया वाटली नाही. स्वतःबद्दलही वाटली नाही. मी म्हटलं, आजच्या तारखेचा शिक्का मारा आणि मला पोच द्या. नाहीतर मी हा कागद घेऊन कल्याणच्या कोर्टात जातो. त्यांनी शिक्का मारला.

५ डिसेंबर, गुरुवार

महिपतला काल उचललं. मेघनाचा फोन बारा तारखेला संगमनेरात होता. इतके दिवस कुणी पाहिलंच नव्हतं, कारण पाहायचं कारण नव्हतं. माझ्यामुळे नव्हतं. टेंभी नाक्याच्या कॅमेऱ्यांत तो कुठेच नाही. सळई त्याच्या स्कूटरच्या सीटखाली मिळाली. धरायला गेलेल्या हवालदाराचं नाक त्याने डोक्याने फोडलं.

गेल्या वर्षीही त्याने मेघनाचा हात मोडला होता. शेजारच्यांना ठाऊक होतं. अकरा तारखेला ती माहेरी जायला निघाली होती, पिशवी भरून. तो 'सोडतो' म्हणून स्कूटरवर बसवून खाडीकडे घेऊन गेला. त्याने मला दिलेली शाल कपाटातून काढून मी साबळ्यांकडे नेऊन दिली. त्यांना तिचं काय करायचं ते कळेना. मलाही कळत नव्हतं.

साबळ्यांची चौकशी लागली आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

पोपट परवा सुटला.

संचिताच्या जबड्यात तारा घातल्या आहेत, अजून दीड महिना पातळ अन्न. पंखांच्या काचा सगळ्या शाबूत आहेत. मी तिला सांगितलं, शोधनिबंधावर तुझं एकटीचं नाव असेल. तिने लिहिलं, 'प्रबंध चुकला हे पण त्यात लिहावं लागेल.' मी म्हटलं, लिही. पान नंबर मी देतो.

२१ डिसेंबर, शनिवार

आज गावठाणात गेलो. आठ दिवस टाळलं.

पोपट ओट्यावर बसला होता. पायांना फडकी गुंडाळलेली. सोळा ऑक्टोबरला दोन हातांत चार डबे घेऊन चिखलातून सरसर गेलेला माणूस हा नव्हे. मी समोर उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं, सुरू केलं. त्याने मान वळवून खाडीकडे बघितलं.

मालन बाहेर आली. म्हणाली, "त्याला काय सांगता? त्याला ठावंच हाय. ज्यांनी मारलं त्यांना सांगा."

ती गल्लीत उतरली आणि प्रत्येक दारात जाऊन नावाने हाक मारली. कुणी आलं, कुणी आतूनच डोकावलं. वीस-पंचवीस माणसं जमली. यातल्या कुणी दार आपटलं होतं ते तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. ती प्लास्टर काढलेला हात छातीशी धरून उभी राहिली. बोटं मिटत नाहीत.

मी बोललो. वर्गात बोलतो तसं मोठ्याने. म्हटलं, माझं नाव प्रफुल्ल वैद्य. पोपटने काही केलेलं नाही. तारीख मी चुकीची सांगितली. माझी विद्यार्थिनी थांबा म्हणत होती, मी थांबलो नाही. पुढे चूक कळली तेव्हाही तीन आठवडे कागद खणात ठेवला. या घरावर जे झालं ते माझ्या सहीमुळे झालं.

मागून एक दगड आला, माझ्या खांद्याला लागून पडला. कुणी मारला ते बघितलं नाही. एक म्हातारा पुढे येऊन मालनच्या पायाशी वाकला, ती बाजूला झाली. बाकीचे जागच्या जागी उभे होते.

पोपट ओट्यावरून सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत होता. आधी माझ्या, मग बायकोच्या. मग त्याने हात कानामागे नेला.

"काय बोलला तो?"

तेव्हा मला कळलं. पंधरा-वीस फुटांवर उभा राहून मी वर्गात बोलतो तसं बोललो होतो, आणि त्याला एक शब्दही ऐकू आला नव्हता. कोठडीत कानही गेले होते. कुठल्याच कागदावर ते लिहिलेलं नाही.

मालन ओट्यावर चढली. त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि माझं सगळं बोलणं, शब्दन् शब्द, ओरडून त्याला सांगू लागली. गल्ली तशीच उभी राहून ते दुसऱ्यांदा ऐकत होती. मीही.